पावसाळी साथींच्या बैठकीत गोदामवाल्यालाही एक खुर्ची द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात पावसाळ्यातल्या साथींच्या तयारीची बातमी वाचली, ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडची मिळून होती. बेड किती राखून ठेवलेत, डेंग्यू-लेप्टोच्या टेस्ट किट किती, धूरफवारणी कुठून सुरू होणार, सुट्ट्या कोणाच्या रद्द होणार वगैरे. चांगलंच आहे सगळं, नाही कोण म्हणतंय. पण हे एवढं सामान येणार कुठून, उतरवणार कोण, ठेवणार कुठे, रात्री ताब्यात घेणार कोण आणि लाईट गेली तर काय, याबद्दल त्यात एक ओळ नव्हती. यात बातमीदाराची चूक नाही हो, बैठकीतच तो विषय निघाला नसेल तर तो बिचारा लिहिणार काय.

मी तुर्भ्यात रीफर गाड्यांचं काम बघतो, म्हणजे थंड ठेवायचा माल नेणाऱ्या गाड्या. आईस्क्रीम, फ्रोझन मटार, मासळी, आणि अधूनमधून औषधं आणि लशी. त्यामुळे मी आपल्याच धंद्याचं घोडं पुढे दामटतोय असं कोणाला वाटेल, वाटू दे. पण साथीत माणसं जातात ती दरवेळी औषधच नव्हतं म्हणून जात नाहीत, कितीतरी वेळा औषध असतं, फक्त ते भिवंडीच्या गोदामात असतं आणि पेशंट दिवा गावात असतो, आणि मधे शिळफाट्याचं ट्रॅफिक असतं. आता शिळफाट्याबद्दल ठाणेकरांना मी काय वेगळं सांगायचं.

कॉलराचं उदाहरण घ्या. अंगातलं पाणी पार संपलेल्या पेशंटला वजनाच्या दर किलोमागे १०० मिली सलाईन द्यावं लागतं आणि मोठा माणूस असेल तर ते सगळं ३ तासांत. म्हणजे ५० किलोचा माणूस असेल तर ५ लिटर, अर्ध्या लिटरच्या १० बाटल्या. असे १०० पेशंट एकदम आले की झाल्या १००० बाटल्या, नुसत्या पाण्याचंच वजन अर्धा टन, वर खोके, सेट, सुया वेगळ्या. डॉक्टरसाहेबांना हे लिटरमधे दिसतं, आम्हाला तो भरलेला छोटा हत्ती टेम्पो दिसतो आणि लगेच पुढचे प्रश्न दिसायला लागतात, गाडी त्या गल्लीत वळेल का, रिव्हर्स घ्यायला जागा आहे का, खोके दुसऱ्या मजल्यावर चढवायचे तर लिफ्ट चालू आहे का, हमाल किती लागतील आणि ते रात्री दोनला मिळतील का. आणि हा झाला फक्त पहिल्या ३ तासांचा माल.

यावरून १९७१ ची गोष्ट सांगतो. बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला होता, तिथे डॉ. दिलीप महालनबीस काम करत होते आणि सलाईनचा साठा संपत आला होता. तेव्हा त्यांनी ठरवलं की बाटल्या ओढत बसण्यापेक्षा नुसती पावडर आणू, पाणी तिथलं वापरू. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा, कलकत्त्याला वजन करून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरायचं, छावणीत नेऊन ड्रममधे कालवायचं आणि पेशंटच्या नातेवाईकांनीच ते पाजायचं. आधी तिथे १०० तले ३० च्या आसपास दगावत होते, त्यांच्या देखरेखीखाली जे होते त्यांच्यात हे प्रमाण ३.६ वर आलं. ही सगळी गोष्ट आपण डॉक्टरी शोध म्हणून ऐकतो आणि तो आहेच, त्यांना मरणोत्तर पद्मविभूषणही मिळालं २०२३ ला, पण माझ्यासारख्याला विचाराल तर तो ट्रान्सपोर्टचाही तेवढाच मोठा शोध आहे. लिटरभर पाण्याऐवजी २८ ग्रॅम पावडर न्यायची! गाडी तीच, रस्ता तोच, ड्रायव्हर तोच, आणि पोचणारा उपचार पस्तीसपट. हे ज्याला सुचलं त्याच्या डोक्यात पेशंटबरोबर रस्ताही होता.

आता आपल्या घरचं. १९ एप्रिल २०२१, कळंबोली. पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस आपल्या इथून सुटली हे किती नवी मुंबईकरांना आठवतंय? कोविडच्या त्या दिवसांत ऑक्सिजनसाठी काय हाल चालले होते ते नव्याने सांगायला नको. देशात ऑक्सिजन बनत नव्हता असं नाही, स्टील प्लांटमधे ढिगाने बनत होता, पण तो होता विशाखापट्टणमला आणि भिलाईला आणि जमशेदपूरला, आणि पेशंट होते इथे. लिक्विड ऑक्सिजन उणे १८३ अंशावर असतो, त्याला खास टँकर लागतो, आणि असे टँकर काही कोणी गंमत म्हणून जास्तीचे बांधून ठेवत नाही, शेवटी नायट्रोजन आणि आर्गॉनचे टँकर बदलून घेऊन त्यात ऑक्सिजन भरायची वेळ आली. म्हणजे अडलं होतं ते गॅसवर कमी आणि डब्यावर जास्त.

मग ठरलं की रिकामे टँकर रेल्वेच्या सपाट वॅगनवर चढवायचे आणि गाडीच न्यायची. कागदावर सोपं वाटतं. पण टँकर वॅगनवर चढला की त्याची उंची किती होते? वरच्या ओव्हरहेड वायरला लागतो का? बोगद्यातून जातो का? बऱ्याच प्रकारचे टँकर तपासून शेवटी ३३२० मिलिमीटर उंचीचा एक प्रकार बसला, वॅगनची उंची १२९० मिलिमीटर, सगळा खेळ या मिलिमीटरचा. घाटात एवढ्या उंचीचा माल चालत नव्हता म्हणून गाडी पुण्याच्या अंगाने न नेता वसई, सुरत, भुसावळ, नागपूर अशी वळसा घालून विशाखापट्टणमला नेली. कळंबोलीला टँकर वॅगनवर चढवायला रॅम्प लागणार होता, तो २४ तासांत बांधला. रात्री आठच्या सुमाराला ७ रिकामे टँकर घेऊन गाडी निघाली, १८५० किलोमीटर पन्नास-एक तासांत गाठले, तिकडे १०० टनांवर ऑक्सिजन भरला, आणि येताना ३ टँकर नागपूरला उतरले आणि ४ नाशिकला. त्यात लिक्विड ऑक्सिजन म्हणजे गचके देत, जोरात ब्रेक मारत नेता येत नाही, प्रेशरवर लक्ष ठेवत जावं लागतं.

हे ज्यांनी केलं त्यांना खरंच सलाम. पण मला तेव्हापासून एकच प्रश्न पडलाय, तो रॅम्प १९ एप्रिलच्या आदल्या दिवशी का बांधावा लागला? पहिली लाट २०२० च्या सप्टेंबरात शिगेला पोचून गेली होती, मधे चांगले चार-पाच महिने हातात होते. त्या महिन्यांत कोणीतरी ट्रान्सपोर्टवाला बैठकीत बसला असता तर त्याने पहिल्याच चहाला विचारलं असतं की साहेब, बेड वाढवताय, व्हेंटिलेटर वाढवताय, मग टँकर किती आहेत आणि घाट कसा उतरणार. ठाण्यात बाळकुमला १०२४ बेडचं हॉस्पिटल उभं राहिलं, वाशीत सिडकोच्या प्रदर्शन केंद्रात उभं राहिलं, आणि ते किती पटकन उभं राहिलं हे आपण सगळ्यांनी पाहिलं. बेड दिसतो, त्याचा फोटो येतो, उद्‌घाटन होतं. टँकरच्या रिकाम्या फेरीचा फोटो कोण छापणार!

त्याच काळातला एक अनुभव सांगतो, हॉस्पिटलचं नाव घेत नाही. थंड ठेवायच्या इंजेक्शनांचा माल होता, २ ते ८ अंश. गाडी हायवेला अडकत अडकत रात्री उशिरा गेटवर पोचली. स्टोअर बंद, किल्ली इनचार्जकडे, इनचार्ज घरी, फोन स्विच ऑफ. वॉचमन म्हणतो सकाळी या. कॅज्युअल्टीतला डॉक्टर म्हणतो माल पाहिजे पण सही मी करू शकत नाही, माझा तो अधिकार नाही, आणि त्याचं तरी काय चुकलं. आमचा ड्रायव्हर बिचारा रात्रभर गाडीचं थंडाव्याचं युनिट चालू ठेवून गेटबाहेर बसला, कारण बंद केलं तर माल गेला, आणि त्याच गेटच्या दुसऱ्या बाजूला नातेवाईक चिठ्ठी हातात घेऊन हेच इंजेक्शन शोधत मेडिकल ते मेडिकल फिरत होते. सकाळी फार्मासिस्ट मॅडम आल्या, त्यांनी डेटा लॉगरची, म्हणजे टेंपरेचर नोंदवणाऱ्या यंत्राची, प्रिंट मागितली, टेंपरेचर नीट राहिलं होतं, माल घेतला, वर डिटेंशनचं, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचं, बिल काढलं तर म्हणे त्याचं हेड, म्हणजे खर्चाचं खातं, नाहीये आमच्याकडे. डिझेल आमच्या खिशातून गेलं, जाऊ दे, पण ती रात्र फुकट गेली त्याचं काय. रात्री माल घ्यायला एक माणूस नेमायचा आणि त्याला सहीचा अधिकार द्यायचा, याला काही कोटींचं टेंडर लागत नाही.

असंच बारकं वाटणारं पण जीवघेणं काम गोवरच्या लशीचं. २०२२ च्या शेवटी गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथे गोवर पसरला आणि जादा डोसची मोहीम काढावी लागली हे तुमच्याच पेपरात यायचं. गोवर-रुबेलाची लस पावडर असते, ती सोबतच्या पाण्यात कालवावी लागते, डायल्युएंट म्हणतात त्याला. आता व्हायल, म्हणजे लशीच्या बाटल्या, पोचल्या आणि डायल्युएंट दुसऱ्या खोक्यात राहिलं तर सिस्टर काय करणार? दुसरं कुठलं पाणी चालत नाही. डायल्युएंट आलं पण गरम असलं तरी चालत नाही, तेही आधीपासून थंड करून ठेवावं लागतं. एकदा कालवलं की ४ तासांत वापरायचं नाहीतर टाकायचं. शिवाय प्रत्येक लशीचा स्वभाव निराळा, काही लशी गरमीने खराब होतात, काही गोठल्या तर खराब होतात, हिपॅटायटिस बी आणि पेंटाव्हॅलंट गोठवून चालत नाही. म्हणून आईसपॅक डीप फ्रीझरमधून काढून तसाच कॅरियरमधे टाकायचा नसतो, टेबलावर मांडून ठेवायचा आणि कानाशी धरून हलवायचा, आत पाणी हलल्याचा आवाज आला की मग भरायचा. आमच्याकडे नवीन पोरगा कामाला लागला की त्याला पहिलं हे शिकवतो. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आणि आशाताईंना हे आमच्यापेक्षा जास्त पाठ असतं, तिथे प्रश्न नाही. प्रश्न येतो तो साथीच्या घाईत बाहेरून भाड्याच्या गाड्या आणि नवे लोक लावले जातात तेव्हा, आणि तेव्हा नेमकं कोणी कोणाला काही सांगायला थांबत नाही.

बाहेरच्या देशांत हे किती गांभीर्याने घेतात बघा, आणि तेही ठेच लागल्यावरच शिकले. २०१४ ला पश्चिम आफ्रिकेत गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमधे इबोला पसरला तेव्हा विमान कंपन्यांनी एकामागून एक तिकडची उड्डाणं बंद केली, म्हणजे डॉक्टर जायला तयार पण जाणार कशाने. शेवटी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न कार्यक्रमाने, डब्ल्यूएफपीने, आपली विमानं चालवली, गोदामं उघडली, उपचार केंद्रं बांधायला मदत केली आणि ज्या वस्त्या क्वारंटाईनमधे होत्या तिथे धान्य पोचवलं, कारण घरात खायला नसेल तर माणूस क्वारंटाईनमधे थांबत नाही हो, तो बाहेर पडणारच. तोवर उशीर बराच झाला होता, २८,६०० च्या वर लोकांना लागण आणि ११,३०० च्या वर मृत्यू. या डब्ल्यूएफपीकडे आपत्तीत सगळ्या संस्थांच्या मालाचं गोदाम आणि वाहतूक एकत्र बघायचं काम असतं, म्हणजे दहा संस्थांचे दहा अर्धे ट्रक जाण्यापेक्षा पाच भरलेले जातात आणि कुठल्या गोदामात काय पडलंय ते सगळ्यांना दिसतं. ब्रिंडिसी, दुबई, पनामा, आक्रा अशा ठिकाणी त्यांची माल भरून ठेवलेली गोदामं कायम तयार असतात.

मग २०१८ ला कांगोत इबोला परत आला. ८ मे ला साथ जाहीर झाली आणि २१ मे ला लसीकरण सुरू. आणि लस कसली, तर उणे ६० ते उणे ८० अंशात ठेवायची, जिथे रस्ता नाही, वीज नाही अशा विषुववृत्ताच्या जंगलात. त्यासाठी खास थर्मास, आर्कटेक नावाचे, विजेशिवाय पाच दिवस तेवढी थंडी धरतात, ते बोटीवर, मोटरसायकलवर, हेलिकॉप्टरमधे टाकून नेले. तिथे हे जमतं तर आपल्याला तुर्भ्याहून मुरबाडला का जमू नये. एमएसएफ ही डॉक्टरांची संस्था आहे, तिची फ्रान्समधे बोर्दोजवळ स्वतःची मोठी लॉजिस्टिक शाखा आहे, तिथे कॉलराचं आख्खं किट तयार ठेवलेलं असतं, सलाईनपासून बादली-क्लोरीनपर्यंत, यादीसकट, कस्टमच्या कागदांसकट. फोन आला की उचलायचं आणि विमानात टाकायचं, काय काय घेऊ याच्यावर चर्चा नाही.

आणि आपल्याकडे काय होतं, तर मदतीचा पूर येतो. २०१९ ला सांगली-कोल्हापूरच्या महापुरात जुन्या कपड्यांचे ढीग किती गेले आणि ते पाहून तिथल्या लोकांनी कसा कपाळाला हात लावला ते आठवत असेल. पुरानंतर लागतं काय, तर लेप्टोसाठी डॉक्सिसायक्लिन, क्लोरीनच्या गोळ्या, ओआरएस, कोरड्या जागी ठेवलेलं. पण टेम्पोच्या तोंडाशी साड्या असतात आणि औषधं तळाशी. कोविडमधेही एकाच गेटवर चार मंडळांचे चार टेम्पो, चौघांत मास्क आणि बिस्किटं, आणि दोन किलोमीटरवरच्या दुसऱ्या सेंटरला ग्लोव्हज नाहीत. मंडळांच्या मनात खोट नसते, उलट पोरं जीव तोडून करतात, मीही वर्गणी देतो. पण सगळा माल आधी एका जागी उतरवा, खोक्यावर बाहेरून लिहा आत काय आहे आणि एक्स्पायरी काय, आणि मग तिथून मागणीप्रमाणे वाटा, हे सांगणारा कोणीतरी पाहिजे ना.

माणसांचं बोलतो आता, कारण गाडी काही आपोआप भरत नाही. मे २०२० मधे वाशीचं एपीएमसी मार्केट आठवडाभर बंद ठेवावं लागलं, ११ ते १७ तारखेपर्यंत, व्यापारी आणि माथाडी मंडळींमधे लागण पसरली म्हणून. मुंबईची भाजी, कांदा-बटाटा, धान्य, फळं जिथून जातात तेच बंद. माथाडी कामगार राहतात कोपरखैरणे, घणसोलीच्या छोट्या घरांत, एकाला झालं की घरात सगळ्यांना. त्याच सुमाराला न्हावा-शेवा बंदरात कंटेनर साचत होते कारण ट्रेलरला ड्रायव्हर नव्हते, ड्रायव्हर गावाला निघून गेले होते, आणि जे थांबले त्यांना हायवेला धाबा उघडा मिळत नव्हता, पंक्चरवाला मिळत नव्हता, सोसायटीत परत आले तर शेजारी दारात उभं करत नव्हते. टाळ्या आणि थाळ्या वाजल्या त्या डॉक्टर-नर्ससाठी, वाजल्याच पाहिजेत, पण पीपीई किट कोणाच्या डोक्यावरून गोदामात गेलं ते पण कधीतरी बघा. २०२१ च्या १२ जानेवारीला पहाटे सीरमच्या गेटमधून कोविशिल्डच्या पहिल्या तीन गाड्या पुणे एअरपोर्टला निघाल्या तेव्हा गाड्यांची पूजा झाली होती, टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. मला ते बघून बरं वाटलं होतं. त्या गाड्यांच्या ड्रायव्हरला स्वतःची लस कधी मिळाली हे मात्र कोणी विचारलं नाही.

विजेचं थोडक्यात. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रिड बसलं आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडे अंधार, भर कोविडमधे, आणि बिघाडाचं मूळ होतं आपल्या कळवा-पडघ्याच्या लाईनींत. लशीचे आयएलआर फ्रीज असतात त्यांच्या भिंतीत बर्फाचं अस्तर असतं, ते बराच वेळ तग धरतात. खाजगी गोदामातला साधा चिलर तेवढा धरत नाही, तिथे जनरेटर लागतो आणि जनरेटरला डिझेल, आणि रस्त्यावर पाणी भरलं की डिझेलची गाडी येत नाही. म्हणजे कोल्ड स्टोरेज किती टनाचं आहे हे विचारून उपयोग नाही, डिझेल किती तासांचं आहे ते विचारा.

परतीचा माल हा तर कोणाच्या गणतीतच नसतो. सॅम्पल लॅबला जायला पाहिजे, तेही थंडच, तीन आवरणांत बांधून. कोविडच्या सुरुवातीला आपल्या भागातली सॅम्पल मुंबई-पुण्याला जायची, रिपोर्टला दिवस लागायचे, नंतर पालिकेने नेरूळला स्वतःची लॅब काढली तेव्हा जीव भांड्यात पडला. आणि वापरलेल्या पीपीई, सुया, पिवळ्या पिशव्या, ते सगळं तळोज्याला न्यावं लागतं, नियमाप्रमाणे ४८ तासांच्या वर ठेवून घेता येत नाही. पेशंट दुप्पट झाले की पिशव्याही दुप्पट, पण गाड्या तेवढ्याच.

आता म्हणाल की सरकारला गाड्या ताब्यात घ्यायचा अधिकार आहेच की. आहे, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम ६५, गाडी, जागा काहीही घेऊ शकतात, आणि भरपाईचंही कलम आहे पुढचं. पण ताब्यात घेतलेली गाडी म्हणजे काय तर नाक्यावर अडवलेली गाडी, तिच्यात आधीच कोणाचं तरी आईस्क्रीम भरलेलं, ड्रायव्हर घाबरलेला, युनिट सर्व्हिसिंगला आलेलं, आणि टेंपरेचर किती ठेवायचं ते कोणालाच माहीत नाही. त्यापेक्षा मे महिन्यात एक फोन करा ना. तुर्भे, महापे, तळोजा, भिवंडी इथले आम्ही सगळे एकमेकांना ओळखतो, कोणाची गाडी उणे २० धरते आणि कोणाची नुसती नावाला रीफर आहे हे आम्हाला चहाच्या टपरीवर माहीत असतं. आपत्तीच्या साधनांची आयडीआरएन नावाची केंद्राची यादी २००३ पासून आहे, ती प्रत्येक जिल्ह्याने भरून अपडेट ठेवायची असते, त्यात ही माहिती आमच्याकडून भरून घ्या, गाडी, मालक, रात्रीचा नंबर, जनरेटर, डिझेलचे तास. दर आधी ठरवा, म्हणजे ऐनवेळी आमच्यातलेच काही नग दुप्पट भाडं मागतात ते बंद होईल, आणि असे आहेत, मी झाकून ठेवत नाही. गाडी थांबवल्याच्या भाड्याचं, हॉल्टिंगचं, हेड काढा. ड्रायव्हर, क्लीनर आणि माथाडींचा पास, लस आणि जेवण त्याच यादीत टाका ज्या यादीत वॉर्डबॉय आहे. ठाण्यात अवजड गाड्यांच्या बंदीच्या वेळा असतात, त्यातून औषधाच्या गाडीला सूट आहे की नाही हे नाक्यावरच्या हवालदाराला लेखी कळलेलं असू दे, नाहीतर त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्धा तास जातो आणि तो त्याच्या जागी बरोबरच असतो.

आणि जूनमधे एकदा, समुद्राच्या भरतीच्या दिवशी, खरी तालीम करा. बेड मोजायची नको, एक रिकामी रीफर गाडी तुर्भ्याहून घोडबंदरच्या शेवटच्या आरोग्य केंद्रापर्यंत आणि दुसरी कळंबोलीहून मुरबाडच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री पाठवून बघा, आत पाण्याच्या बाटल्या आणि डेटा लॉगर ठेवा. गेट कोणी उघडलं, सही कोणी केली, टेंपरेचर कुठे चढलं, सगळं सकाळी कागदावर दिसेल. गाडी माझी देतो, डिझेलसकट, भाडं नको. पालिका किंवा जिल्हा परिषद यापैकी कोणाला हे करायचं असेल त्यांनी तुमच्या कार्यालयाकडून माझा नंबर घ्यावा, पत्रासोबत दिलाय, फक्त छापू नका.

आपला,
तुर्भ्यातला एक ट्रान्सपोर्टवाला
कोपरखैरणे, नवी मुंबई